मोहटोल्याच्या पाळीवरचा दगड

मे महिन्यातल्या त्या दुपारी साडेचारला लाखांदूर ठाण्यातला फोन वाजला. हवालदार जागेश्वरला आधी ती थट्टाच वाटली.

"साहेब, आमचा गोटा चोरी गेला."

"कायचा गोटा?"

"तलावाच्या पाळीवरचा. लिवलेला. मी मोहटोल्याची भागीरथा बोलून राहिली. लवकर या जी, नाई तं आळ आमच्यावरच येते."

जागेश्वरने फोनवर हात ठेवला. "मॅडम, एक बाई म्हणते, दगड चोरीला गेला."

उपनिरीक्षक दामिनी बोरकर हसली नाही. दुसऱ्या दिवशीच्या मोहटोल्यातल्या कार्यक्रमाच्या बंदोबस्ताचा कागद तिच्या टेबलावरच होता. त्या कार्यक्रमाचं कारणच तो दगड होता.

"गाडी काढा," ती म्हणाली.

मोहटोल्याचा तलाव तीनशे वर्षांहून जुना. तलावाचं पाणी धानाच्या बांध्यांत सोडायची दगडी मोरी पाळीत, म्हणजे काठच्या मातीच्या बांधात, बसवलेली होती. लोक तिला तुडुम म्हणत. तुडुमाजवळ, जुन्या भिंतीला पाठ टेकून कमरेएवढा काळा दगड उभा होता. त्याच्या माथ्यावर सूर्य, चंद्र आणि हत्तीवर चढलेला सिंह. हे गोंड राजांच्या काळचं. त्याखाली मोडी लिपीतल्या ओळी, त्या भोसल्यांच्या काळच्या. कडेला एक बाण कोरलेला, तो इंग्रजांच्या मोजणीदारांनी. आणि बाणाच्या वर ग्रामपंचायतीने पिवळ्या ऑइलपेंटने टाकलेला आकडा. जो जो या मुलखावर सत्ता गाजवून गेला, त्याने त्या एका दगडावर आपली खूण करून ठेवली होती.

बावीस वर्षांपूर्वी गावच्या शाळेचे मुख्याध्यापक कैलाश गुरुजी यांनी त्या ओळी वाचल्या. 'देवाजी पाटील याचे वेळेस तळ्याची पाळ'. तिथे कड झिजलेली, वाक्य अर्धवट. गुरुजींनी तिथे 'बांधिली' हा शब्द घातला आणि गावाच्या इतिहासाची पुस्तिका लिहिली. तलाव देवाजी पाटलांनी बांधला, हे तेव्हापासून सगळ्यांना पाठ झालं. उद्या तलावाला देवाजी पाटलांचं नाव मिळणार होतं, पर्यटकांसाठी बोटी सुटणार होत्या, आणि पाळीवर जाळी वाळवायला, डोंगे लावायला मासेमार ढिवरांना बंदी होणार होती.

पंधरा दिवसांपूर्वी मात्र दगडामागची जुनी भिंत खचली. दगडाच्या पाठीवरही अक्षरं निघाली. ती मातीने बुजलेली होती. गुरुजी म्हणाले, "घाई नको. नागपूरहून पुरातत्त्व खात्याच्या ज्योत्सना वालदे यायच्या आहेत, त्याच साफ करून वाचतील." त्या उद्या दहाला येणार होत्या.

आणि आज दगडाच्या जागी खड्डा होता.

* * *

पाच वाजता दामिनी पाळीवर पोचली तेव्हा ऊन अजून भाजत होतं. खड्ड्यापासून पाण्यापर्यंत ओल्या मातीत एक चर ओढलेला होता.

देवाजी पाटलांच्या घराण्यातले पुंडलिकराव डोक्याला दुपट्टा बांधून पुढे आले. "यात तपास करायसारखं काही नाही, मॅडम. चर सरळ पाण्यात गेला. डोंग्यात घातला आणि मधे नेऊन बुडवला. हे काम कोणाचं, ते लहान पोरगंही सांगेल."

"मंग तुमीच सांगा नं पाटील. नाव घेऊन सांगा."

आवाज भागीरथाचा होता. साठीची बाई, मासेमार संस्थेची अध्यक्ष. तिच्या मागे जाळी खांद्यावर घेतलेल्या आठ-दहा बाया उभ्या होत्या. त्यांतली एकही मागे सरकत नव्हती.

"उद्या नाव पडू नये म्हणून तुम्हीच केलं," पुंडलिकराव म्हणाले.

"आमी कायले लपवू? मांगची अक्षरं वाचा, वाचा, असं पंधरा दिवस कोण बोंबलून राहिलं? मीच नं? आमचे आजे सांगत होते, आमच्या लोकायनं या पाळीवर माती टाकली. थे त्या गोट्यावर असन तं निघू द्या, नसन तं नसू द्या. पण वाचा तं खरं!"

दामिनीने विचारलं, "दगड शेवटचा कधी पाहिला?"

"आज बारा वाजता, मांडवात जाताना. गावात लग्न होतं. आमी बायका चार वाजेपर्यंत मांडवात भात रांधून राहिलो होतो. दोनशे माणसानं पाह्यलं आमाले. परत आलो तं खड्डा."

"डोंगे कुठे होते?"

भागीरथाने हात केला. काठाला दोन डोंगे पालथे पडले होते. एकेका झाडाचं खोड कोरून केलेले, अरुंद. "पाहा. दोघं बसले तं तिसऱ्याले जागा नाई. याच्यावर थो गोटा ठेवला तं डोंगा तिथंच उलटते. आमाले पाण्यातलं समजते मॅडम, आमी असा येडेपणा करत नाई."

दामिनी चराशी वाकली. बोटाची दोन पेरं जेमतेम आत गेली. तिने जागेश्वरला शेजारून चालायला लावलं. त्याच्या बुटाची टाच चरापेक्षा खोल रुतली.

ती उठली. उलट्या दिशेला, गावाकडच्या उतारावर गेली. वीस पावलांवर उद्याच्या कार्यक्रमासाठी बांधलेला ओटा होता. चढायला तीन पायऱ्या. दोन फरशीच्या. सगळ्यांत खालच्या पायरीवर गोणपाट अंथरलं होतं. तिने हात लावला. गोणपाट ओलं होतं. एका कडेने निळ्या प्लास्टिकचा तुकडा डोकावत होता.

"ओटा कोणी बांधला?"

"मी, मॅडम." पस्तिशीतला एक माणूस पुढे आला. "विक्की. गवंडीकाम करतो."

"कधी झाला?"

"बारा-तेरा दिवस झाले जी. फक्त खालच्या पायरीची फरशी तेवढी राहिली हाय."

"आज काम केलंत?"

"नाई नाई. आज लग्न, काम बंदच. मी तं सकाळपासून लाखांदूरले होतो, सिमेंट आणाले. आत्ताच येऊन राहिलो."

"दगड गेल्याचं तुम्हाला कोणी सांगितलं?"

विक्कीने मान खाली घातली. "सगळं गावच बोलून राहिलं, मॅडम."

* * *

पुंडलिकरावांची चौकशी त्यांच्या ओसरीवर झाली.

"दुपारी कुठे होता?"

"जेवून झोपलो होतो. या उन्हात कोण बाहेर पडतं?"

"मागच्या बाजूला काय लिहिलंय, याची भीती वाटत नव्हती?"

पुंडलिकराव ताठ झाले. "कसली भीती? मला तर वाटत होतं, मागे आमच्या देवाजींची वंशावळ असेल. नागपूरच्या मॅडमसाठी मी गाडीची सोय केली होती. मी कशाला दगड काढू? माझ्याच समारंभाला सुतक आणू?"

"मोडी येतं?"

"माझ्या आजोबांना यायचं. आता गावात फक्त गुरुजींना."

कैलाश गुरुजींचं घर शाळेमागे होतं. भिंतीला लागून पुस्तकांची कपाटं. टेबलावर ती पुस्तिका, चौथी आवृत्ती. गुरुजी पासष्टीचे, बारीक अंगाचे. त्यांनी स्वतः पाणी आणून दिलं. दामिनीला त्यांच्या उजव्या तळहातावरचा ताजा फोड दिसला.

"हे काय झालं?"

"बागेत कुदळ मारत होतो. सवय राहिली नाही."

"आज दुपारी?"

"मांडवात मंगलाष्टकं म्हटली. साडेबाराला घरी आलो आणि पडलो. सव्वाचारला ओरडा ऐकला तेव्हा उठलो."

"मागच्या बाजूची अक्षरं तुम्ही वाचली नव्हती?"

"शब्दही नाही. अर्धवट माहितीवर बोलू नये, हे मी चाळीस वर्षं मुलांना शिकवलं."

"भागीरथाबाईंचा दावा तुम्हाला पटतो?"

गुरुजी पहिल्यांदा चिडले. "दावा म्हणजे काय हो? आजोबांनी सांगितलं, पणजोबांनी सांगितलं! इतिहासाला पुरावा लागतो. आणि समजा, एखाद्या बाईने पाळ बांधताना पुढाकार घेतला, चार घरं जमवली. म्हणून काय तलाव तिचा होतो? राज्यकर्ता कोण होता, हे पाहावं लागतं."

दामिनी पाणी प्यायली आणि आभार मानून बाहेर पडली.

गाडीत बसून तिने ज्योत्सना वालदेंना फोन लावला. "मॅडम, दगड जागेवर नाही. तरी उद्या दहाला या. एकच विचारायचंय. मोडी न येणारा माणूस ती अक्षरं हाताने चाचपून ओळखू शकेल?"

"अजिबात नाही. येणाऱ्यालाही आधी माती काढून, पीठ किंवा चुना भरूनच वाचावं लागेल."

फोन ठेवून ती जागेश्वरला म्हणाली, "आज मुक्काम ओट्यावर करा. त्यावर कोणालाही पाय ठेवू देऊ नका."

* * *

सकाळी दहाला अख्खा गाव पाळीवर जमला. पुंडलिकरावांनी समारंभ पुढे ढकलायला नकार दिला होता. "दगड असो वा नसो, नाव पडणारच," असं ते माईकवरून सांगून मोकळे झाले होते. ढिवरांच्या बाया जाळी घेऊन ओट्यासमोर जमिनीवर बसल्या होत्या. सरपंचांनी दोनदा हटायला सांगितलं. भागीरथा म्हणाली, "पोलीस उठवतीन तवा उठू." दामिनीने त्यांना उठवलं नाही.

ती स्वतः ओट्याशेजारी उभी राहिली.

"कार्यक्रमाआधी पाच मिनिटं घेते. दगड तलावात नाही. तो चर खोटा आहे. दगड चार माणसांनी उचलायचा. तो ओढत नेला असता तर या मातीत वीतभर खोल खूण पडली असती. हवालदारांची टाच जेवढी रुतली, तेवढाही तो चर खोल नाही. नुसतं लाकूड ओढून तो काढलाय, ढिवरांवर संशय जावा म्हणून. आणि डोंग्याचं भागीरथाबाईंनी सांगितलंच."

"मग दगड गेला कुठे?" पुंडलिकरावांनी विचारलं.

"वीस पावलं. उतारावरून. पहारीने आडवा पाडला आणि लाकडी गोल दांड्यांवरून लोटला, तर दोन माणसांना पुरतं. विक्की, ओटा बारा दिवसांपूर्वी झाला ना?"

"हो जी."

"काल काम बंद होतं. तू लाखांदूरला होतास. मग मेच्या उन्हात संध्याकाळी पाचला खालच्या पायरीवरचं गोणपाट ओलं कसं? त्याच्यावर तासा-दोन तासांपूर्वी कोणी पाणी मारलं? ताज्या सिमेंटशिवाय पाणी कोणी मारत नाही."

विक्कीचा चेहरा पडला. तो दामिनीकडे पाहत नव्हता. गर्दीतल्या दुसऱ्याच माणसाकडे पाहत होता.

"आता दुसरी गोष्ट. पायरीखालून निळं प्लास्टिक बाहेर आलंय. दगड नुसता नाहीसा करायचा असता तर कोणी प्लास्टिक अंथरत बसलं नसतं. सिमेंट अक्षरांत जाऊन बसू नये, म्हणून ते घातलं. ज्याने दगड लपवला, त्याची त्यावरच्या अक्षरांवर माया होती. मी थोडा वेळ पुंडलिकरावांवर संशय घेतला होता. पण मागे काय लिहिलंय हे त्यांना माहीतच नव्हतं. त्यांना तर ते वाचून हवं होतं."

 ती गर्दीच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाकडे वळली.

"भागीरथाबाई काय म्हणत होत्या? आमच्या लोकांनी माती टाकली. आमचे आजे सांगत होते. एवढंच. पण काल एक माणूस मला म्हणाला, एखाद्या बाईने पुढाकार घेतला, चार घरं जमवली, म्हणून तलाव तिचा होतो का? बाई कुठून आली, गुरुजी? अख्ख्या गावात बाईचा शब्द कोणी काढला नव्हता. तो फक्त दगडाच्या पाठीवर होता. आणि तुम्ही तर शब्दही वाचला नव्हता."



कैलाश गुरुजींनी तळहात मिटून घेतला.

"गुरुजी?" पुंडलिकराव पुटपुटले. "तुम्ही?"

विक्की पुढे आला.  "मॅडम, मले माहीत नव्हतं जी. गुरुजी म्हणाले, नागपूरवाले दगड म्युझियमले घेऊन जाणार हायेत, गावाचा गोटा गावातच राहिला पाह्यजे, आपण लपवू. मी त्यायच्या हाताखाली शिकलो. मी नाई म्हणू शकलो नाई. पण काल जवा भागीरथा मावशीवर आळ आला, तवा मले झोप लागली नाई. चर मी नाई काढला. आईची आन."

"चर मी काढला," गुरुजी म्हणाले.

"काहून?" भागीरथा उठून उभी राहिली. "काहून, गुरुजी? माझे दोन पोरं तुमच्या शाळेत शिकले. आमी तुमचं काय बिघडवलं?"

गुरुजींनी त्या खालच्या पायरीकडे पाहिलं. मग म्हणाले, "भिंत खचली त्याच दिवशी दुपारी मी मागची माती काढली. पीठ भरलं आणि वाचलं. पुन्हा माती लावून टाकली. बावीस वर्षं, भागीरथाबाई. चार आवृत्त्या. दरवर्षी शाळेत पोरं ते भाषणात म्हणतात. आणि तो सगळा इतिहास अर्ध्या वाक्यावर उभा होता. पुढचं अर्धं मागच्या बाजूला होतं. छिन्नी घेऊन गेलो होतो मी. सगळं खरवडून टाकायला. हात चालला नाही."

"पण आमच्यावर चर ओढताना चालला," भागीरथा म्हणाली.



* * *

विक्कीनेच पहार लावली. सिमेंट अजून कच्चं होतं. पायरी सुटली. सहा जणांनी दगड उलटवला, प्लास्टिक सोलून काढलं. ज्योत्सना वालदेंनी ब्रशने अक्षरं साफ केली, त्यांत तांदळाचं पीठ भरलं आणि वाकून पाहू लागल्या. त्यांचे ओठ हलायला लागले.

"थांबा मॅडम," भागीरथा म्हणाली. "तुमी नका वाचू."

"म्हणजे?"

"ज्यानं लपवलं, त्यानं वाचायचं. गावासमोर. माईकवर."

पुंडलिकराव उसळले. "हे अती होतं आहे! वयाचा काही मान?"

"मान आमालेही होता, पाटील. काल तुमी आमाले चोर म्हणत होते तवा त्याचा इचार कोणी केला? गुरुजी, या. मले मोडी येत नाई. मले लिवता-वाचताच येत नाई. पण ऐकता येते."

दामिनीने हरकत घेतली नाही. गुन्हा नोंदवायचा होता, पण त्याला घाई नव्हती.

गुरुजी दगडाजवळ गुडघ्यावर बसले. जागेश्वरने माईक धरला. आधी पुढची बाजू, मग पाठ, अशा दोन्ही बाजूंवरून त्यांनी एका दमात वाचलं. आवाज इतका बारीक होता, की मागे कोणाला काही कळलं नाही.

"मोठ्यानं," भागीरथा म्हणाली.

गुरुजींनी डोळे पुसले. शाळेत वर्गाला वाचून दाखवायचे तसा आवाज त्यांनी लावला.

"देवाजी पाटील याचे वेळेस तळ्याची पाळ फुटली. ते रुखमी ढिवरीण व तिचे घरचे यांणी बांधिली. मासोळी तिचे वंशाची."

 मग बायांमधली एक शकुबाई नावाची म्हातारी रडायला लागली आणि रडता रडताच हसली. "रुखमी," ती म्हणाली. "बाई होती वं माय. बाई होती."

पुंडलिकराव सावरले. "एका दगडाने काही सिद्ध होत नाही. कायदा कायदा आहे. ग्रामसभेचा ठराव झालेला आहे."

"झाला असन," भागीरथा म्हणाली. "काल एका दगडानं तलाव तुमचा होत होता, तवा कायदा कुठं गेला होता? ठराव पुन्हा घ्या. आमी सगळ्या येऊ. लेकीबाळीसकट येऊ. आणि तोवर पाळीवरून आमाले कोणी हटवून दाखवा."

सरपंचांनी पुंडलिकरावांकडे पाहिलं, मग समोरच्या गर्दीकडे. त्यांनी माईक हातात घेतला आणि नामकरण रद्द झाल्याचं जाहीर केलं. ग्रामसभा पुन्हा बोलवू, असंही म्हणाले. हे बोलताना ते कोणाच्याच नजरेला नजर देत नव्हते.

गुरुजी पोलिसांच्या जीपकडे निघाले. त्यांना कोणी हाताला धरलं नाही, कोणी शिवीही दिली नाही. जीपच्या पायरीवर पाय ठेवून ते थांबले. "भागीरथाबाई, पुस्तिका मी परत लिहीन. नीट लिहीन."

"लिवा," ती म्हणाली. "पण आता छापायच्या आधी आमाले वाचून दाखवायची. आमी हो म्हणू तवा छापायची."

गुरुजींनी मान हलवली. जीप सुरू झाली.

भागीरथाने पदर खोचला. बाकीच्या बायाही उठल्या. दोघींनी मिळून पालथा डोंगा सुलटा केला आणि पाण्यात ढकलला. भर दुपारी, पाटलांच्या समारंभाच्या मांडवासमोर, सगळं गाव पाहत असताना त्यांनी तलावात जाळं फेकलं.